नैवेद्याआधी

वरणात मीठ नव्हतं, आणि हे मला त्यांचं जेवण होऊन अर्धा तास उलटल्यावर, माझ्या पहिल्याच घासाला कळलं. गुरुवार होता. हे आतल्या खोलीत उजव्या कुशीवर निजले होते, कारण मंगळवारी डावीकडच्या चार दाढा काढल्या होत्या. घास तोंडात तसाच धरून मी बसून राहिले. वाटलं, आज सकाळपासून माझं मन थाऱ्यावर नाही, तर जीभ तरी कुठून असणार. म्हणून दुसरा घास घेतला. वरण मऊ होतं, हळदीचं, तुपाचं. आणि मीठ नव्हतं. मग ओट्याकडे नजर गेली आणि उलगडा झाला. ओट्यावर दोन पातेली शेजारी शेजारी होती, एक वरणाचं आणि एक त्यांच्या गुळण्यांच्या पाण्याचं. डॉक्टरांनी कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून चारदा गुळण्या करायला सांगितल्या होत्या. मी पाण्यात मीठ घातलं, तेवढ्यात हॉस्पिटलमधून फोन आला, चेहऱ्याचा साचा घ्यायची तारीख कळवायला, आणि परत आल्यावर मी वरणाचं मीठही त्याच पाण्यात घातलं. म्हणजे ह्यांनी अळणी वरणभात खाल्ला आणि मग दोन दिवसांच्या ओल्या जखमांवरून दुप्पट मिठाचं पाणी खळखळून घेतलं. बेसिनशी उभे राहून सगळा पेला संपवला. पंच्याने तोंड टिपलं. "झालं," म्हणाले आणि जाऊन निजले.

त्यांचं ताट अजून घासायचं होतं. मी उठून पाहिलं. आमच्याकडे ताटात सगळ्यांत आधी मीठ वाढतात, वर मधोमध, मग लिंबू, मग बाकीचं. मिठाचा तो चिमूटभर ढीग जसा मी ठेवला होता तसाच होता, टोकदार, कोरडा. त्याला बोटही लागलेलं नव्हतं. मी ते ताट हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. बाहेर कारखान्याच्या क्वार्टर्सच्या टाकीचं पाणी भरून वाहायला लागलं होतं, वॉचमन कुणाला तरी तमिळमधून हाका मारत होता. मग मी फडताळावरची वही काढली.

ती वही कनका मॅडमनी दिलेली. हॉस्पिटलातल्या आहार सांगणाऱ्या बाई. बाई कसल्या, आमच्या मुलीहून, देविकेहून, चार वर्षांनी मोठी असेल. पहिल्या भेटीत तिने ह्यांना नाही, मला समोर बसवलं. तमिळ आणि इंग्रजी मिसळून, पण सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे पाहून बोलली. जिभेच्या मुळाशी गाठ आहे, आधी डावीकडच्या चार दाढा काढायच्या, मग गाठीवर पस्तीस वेळा किरण द्यायचे, सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे, आणि दर बुधवारी सलाईनमधून औषध. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चव जाईल. तोंड सोलवटेल. गिळताना काचा गिळल्यासारखं होईल. "अम्मा, हे सगळं आम्हाला सांभाळता येतं. फक्त ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवशी कळलं पाहिजे. न सांगणारी माणसं असतात. ती जेवतो म्हणतात आणि जेवत नाहीत. वजन उतरलं की चेहऱ्याचा साचा सैल होतो, साचा सैल झाला की किरण थांबवावे लागतात, नवा साचा, नवीन मोजमाप. त्या दिवसांत गाठ मात्र थांबत नाही." मग तिने ही वही दिली. रोज तीन वेळा दोन आकडे लिहायचे: चव, शून्य ते दहा; दुखणं, शून्य ते दहा. ह्यांनी वही घेतली, पानांवर पट्टीने रकाने आखले, आणि कनका मॅडमला तमिळमध्ये म्हणाले, "आकडे माझं काम आहे." ती हसली. मीही हसले होते.

गुरुवार, दुपार. चव : १०. दुखणं : ०. त्यांचं अक्षर छाप्यासारखं आहे. चौतीस वर्षं इथे आवडी गावातल्या कारखान्यात तपासणी विभागात काढलेला माणूस. गाड्यांचे सुटे भाग त्यांच्या टेबलावर येतात आणि हे त्यांची मापं घेतात, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा फरक असला तरी भाग परत. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यांनी मला ती मोजपट्टी दाखवली होती, मखमलीच्या पेटीत ठेवलेली, एखाद्या दागिन्यासारखी. म्हणाले होते, "अगो, मी ठीक म्हणालों की ते रस्त्यावर जातं. त्यात माणसं बसतात." तोच हात. तोच दहा.

दोन भीती होत्या मला, आणि त्या दिवशी त्या एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या की कुठली मोठी हे मला ठरवता येईना. एक अशी की चव आत्ताच गेली आहे, किरणांच्या आधीच, म्हणजे गाठ डॉक्टरांनी सांगितली त्याहून पुढे आहे. दुसरी अशी की चव आहे, सगळं कळतंय, आणि हे सांगत नाहीत. आणि पुढेही सांगणार नाहीत. पहिली देवाच्या हातातली. दुसरीचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. उठवून विचारावं तर काय विचारणार? वरणात मीठ होतं का, असं? सत्तावीस वर्षांत हा प्रश्न मी एकदाच विचारला होता.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते, मिरजेहून नवीन आलेली. ह्यांचं घर तंजावरकडचं, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच. बोलतात मराठी, पण ती फार पूर्वी घरातून निघाली आणि परत घरी गेलीच नाही अशी मराठी. मधेच तमिळ यायचं, मधेच एखादा इतका जुना शब्द की मला माझ्या आजोबांची पोथी आठवायची. पहिल्याच आठवड्यात मी काकडीची कोशिंबीर केली आणि पानं वाढल्यावर, माहेरच्या सवयीने, विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?" कुणी वर पाहिलं नाही. ह्यांच्या भातावरच्या हाताची हालचाल क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. जेवणं झाल्यावर सासूबाईंनी, सकवारबाई त्यांचं नाव, मला स्वयंपाकघरात हलक्या आवाजात सांगितलं, "असं पुसूं नये, मुली. देवानं खाल्लं, मग उरलं तो प्रसाद. प्रसादाला खारट-अळणी म्हणतात होय?" रागावून नाही, केसातलं फूल वाकडं झालेलं सांगावं तसं.

मला ते फार आवडलं होतं. आजही आवडतं. माझे वडील मिरजेत रोज पहिल्या घासाला तोंड वाकडं करायचे. आमटी पांचट, भाकरी कच्ची, भाजीत तेल. आई दाराआड उभी राहून ऐकायची, आणि आम्ही भावंडं आईच्या पायांकडे बघत जेवायचो. या घरात तसं काही नव्हतं. या घरात स्वयंपाक करताना चाखायचं नाही, वास घ्यायचा नाही, आधी देवाला दाखवायचं, पाण्याचं मंडल, तुळशीचं पान, घंटा, आणि मग जे पानात येईल ते शांतपणे जेवायचं. हे दोनच शब्द बोलायचे, "वाढ" आणि "पोदुम". पोदुम म्हणजे पुरे. पुढे सासूबाई गेल्या, घरात तिघं, मग दोघंच उरलो, तरी मी तो नेम मोडला नाही. माझे बाकीचेही नेम आहेत, संकष्टीचा, एकादशीचा, सकाळचं विष्णुसहस्रनाम. पण न चाखता रांधणं हा मी सगळ्यांत मोठा मानत आले, कारण तो रोजचा आहे आणि दिसत नाही. भजनाला येणाऱ्या बायकांत कधी नवऱ्यांच्या तक्रारी निघाल्या की मी म्हणायची, आमच्याकडे इतक्या वर्षांत अन्नाला नाव ठेवलेलं नाही. म्हणताना आवाज खालीच असायचा माझा. पण आत अभिमान होता, हे आता कळतं. मी त्यांच्या गप्प राहण्यात राहत होते, एखाद्या थंड घरात राहावं तशी, आणि त्या घराला आणखी कुठे दार आहे का हे कधी पाहिलं नाही.

नाही, एकदा पाहिलं. दिवाळीच्या पहाटे. मी त्यांच्या अंगाला तेल लावत होते, शेजारचे अनंतकृष्ण इकडच्या दिवाळीच्या रिवाजाप्रमाणे जिन्यावरून "गंगास्नान झालं का?" म्हणून ओरडून विचारत होते, आणि माझी बोटं मानेवरून कानामागे जाताना एका घट्ट गोष्टीवर थांबली. सुपारीएवढी. "हे काय?" मी म्हटलं. "आहे ते," हे म्हणाले. "कधीपासून?" "चार-पाच महिने झाले असतील. कानातही ठणकतं थोडं." आणि डोळे मिटून, पाठ पुढे करून बसले, तेल लावून घ्यायला. पाच महिने. त्या पाच महिन्यांत मी त्यांना दीडशे दिवस दोन वेळा वाढलं होतं. त्यांचा घास लहान होत गेलेला मी पाहिला होता आणि मला वाटलं होतं, वय झालं, आहार कमी होतोय, चांगलं आहे.

गुरुवारनंतरचे दिवस मी त्यांच्याकडे चोरून बघण्यात घालवले. आम्ही नेहमीसारखेच राहत होतो. सकाळी हे मार्गळीतल्या, म्हणजे धनुर्मासातल्या, देवळांचे भोंगे ऐकत गॅलरीत बसायचे, खाली बायका रांगोळ्या घालायच्या त्या मोजायचे. मग बँकेत कुठले कागद कुठे आहेत ते मला दाखवायचे आणि मी लक्ष दिल्यासारखं करायची. दुपारी ते झोपले की मी जप करायची आणि जपमाळेचे मणी पुढे सरकायचे, मन मात्र त्या मिठाच्या ढिगाशी. एकदा मनात आलं, पुन्हा मुद्दाम अळणी करून पाहावं. काय करतात बघू. हात मिठाच्या बरणीवरून मागे आलाही होता. मग स्वतःचीच लाज वाटली. चूक वेगळी आणि कपट वेगळं. जो माणूस तुमच्यावर विसंबून डोळे मिटून घास घेतो त्याच्या पानात सापळा लावायचा नसतो. मी मीठ घातलं. वहीत दहा आला. आणि आता त्या दहाला काही अर्थच राहिला नव्हता.

बुधवारी साचा घ्यायला गेलो. काचेच्या पलीकडे मला उभं राहू दिलं. एक पांढरी जाळीची शीट गरम पाण्यातून काढतात, पिठाच्या ओल्या पोळीसारखी लोंबत असते, आणि ती चेहऱ्यावर टाकून दोन्ही बाजूंनी ताणून बसवतात. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी, खांद्यांपर्यंत. थंड होते तशी घट्ट होते. रोज किरण देताना हाच साचा घालून टेबलाला खिळवणार, म्हणजे माणूस तसूभर हलणार नाही. तंत्रज्ञ मुलगी त्यांना सांगत होती, "सर, आत बोलता येणार नाही. काहीही झालं, श्वास कोंडला, लाळ अडकली, तर फक्त हात वर करायचा. आम्ही कॅमेऱ्यात बघत असतो." जाळीखाली पडल्या पडल्या त्यांनी अंगठा वर केला. बाहेर आले तेव्हा चेहरा लाल झाला होता आणि सबंध कपाळावर, गालांवर बारीक चौकटींचे ठसे उठले होते. शहरात तिरुवल्लिकेणीला जुनं देऊळ आहे, तिथल्या देवाच्या उत्सवमूर्तीच्या चेहऱ्यावर वण आहेत, युद्धात लागलेल्या बाणांचे म्हणतात. मला तो चेहरा आठवला. तंत्रज्ञ मुलगी कौतुकाने म्हणाली, "मॅडम, सर अजिबात हलले नाहीत. असा पेशंट पाहिला नाही." गाडीत बसल्यावर मी विचारलं, "हात वर कराल ना?"

"करीन की."

"नक्की?"

"अगो, त्यांच्या कॅमेऱ्यासमोर पस्तीस दिवस निजायचं आहे. एकदा तरी करीन. त्यांना पण बरं वाटेल." आणि हसताना गाल दुखला असावा, कारण हात गालाकडे गेला. माझं लक्ष आहे हे दिसताच त्याच हाताने चष्मा नीट केला.

शनिवारी देविका आली, शोळिंगनल्लूरहून, दोन तासांचा प्रवास करून, पाठीवर लॅपटॉप. सोमवारपासून किरण सुरू व्हायचे होते. ती आली की घरात आवाज येतो. बाबांच्या चार दाढा गेल्या म्हणून त्यांना तिने "कवळी राजा" म्हटलं, त्यांनी तिला "सॉफ्टवेअर हेड कुली" म्हटलं, आणि दोघं गॅलरीत बसून तमिळमध्ये क्रिकेटवर भांडली. मग ती स्वयंपाकघरात आली, ओट्यावर चढून बसली, लहानपणी बसायची तशी. मी भेंड्या चिरत होते. चिरता चिरताच मी तिला गुरुवारचं सांगितलं. मीठ, गुळण्या, वहीतला दहा. माझा आवाज हलला असावा. म्हटलं, "त्यांना चवच लागत नसेल ग. आत्ताच."

ती पाय हलवायची थांबली. "आई, चव लागते त्यांना."

"तुला काय माहीत?"

"सांगू? रागावू नकोस हां." मग दाराकडे पाहून तिने आवाज खाली आणला. "फिल्मच्या रोलची काळी डबी असते ना, त्यांच्या फॅक्टरीच्या बॅगेत? त्यात काय आहे माहितीये?"

ती डबी मी हजार वेळा पाहिली होती. बॅग धुताना बाहेर काढून पुसून परत ठेवली होती. मला वाटायचं कसले तरी बारीक स्क्रू.

"मीठ," देविका म्हणाली. "मी आठवीत होते, आयुधपूजेला घरच्यांना फॅक्टरी बघायला सोडतात ना, तेव्हा तू नवरात्राचा उपास की काय म्हणून आली नव्हतीस. दुपारी बाबांनी डबा उघडला, एक घास खाल्ला, असे डोळे वर केले, मग ती डबी काढून सांबारात इतकंसं मीठ घातलं, ढवळलं, पुन्हा चाखलं, पुन्हा इतकंसं. अगं, टेस्ट ट्यूबमध्ये घालतात तसं. मग म्हणाले, आता पास. घरी सांगूं नकोस." ती हसायला लागली आणि मग माझ्याकडे पाहून थांबली. "आई? अगं, नेहमी नाही. कधीकधीच लागायचं म्हणाले. तुझा हात चांगला आहे. पण तू चाखतच नाहीस, मग कधीतरी होणारच ना."

मी भेंड्यांकडे बघत होते. एक भीती गेली होती. चव होती त्यांना, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी नेमकी चव होती. मी देवाचे आभार मानायला हवे होते, आणि मानलेही. पण दुसरी भीती आता एकटीच माझ्यासमोर उभी होती, आणि तिला चेहरा आला होता. सत्तावीस वर्षं एक माणूस माझ्या घरी प्रसाद जेवत होता आणि कारखान्यात जाऊन जेवण जेवत होता. वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त हे वाटलं की त्या काळ्या डबीजवळ मोकळं होणारा माणूस माझ्याजवळ मोकळा होऊ शकला नाही, आणि ते दार मीच, फुलं वाहून, बंद ठेवलं होतं.

देविकेला त्यांच्यापाशी बसवून मी दुपारची गाडी पकडून तिरुवल्लिकेणीला गेले. तिथल्या देवळात मला एक नवस बोलायचा होता. तो दिवाळीपासून ठरला होता. सात आठवडे मीठ सोडायचं. त्यांची चव जाईल तितके दिवस माझ्याही जिभेला चव नको. आईने माझ्या धाकट्या भावाच्या टायफॉइडला असाच गूळ सोडला होता. मार्गळीमुळे रांग रस्त्यापर्यंत आली होती, पुढच्या बाईच्या वेणीत मरवा होता, तिचा लेक कडेवरून माझ्या चष्म्याला हात घालत होता. हळूहळू आत गेले. दिवे, तूप, कापूर. उत्सवमूर्तीच्या चेहऱ्यावरचे ते वण मी इतक्या वर्षांत कितीदा पाहिले असतील. ते झाकत नाहीत, चंदनाने बुजवत नाहीत, याचा विचार मात्र कधी केला नव्हता. मी हात जोडले आणि नवसाचे शब्द ओठांशी आले. सात आठवडे मी मीठ... आणि पुढे जाईना. डोळ्यांसमोर आमचं स्वयंपाकघर आलं. समोरासमोर दोघं बसलेले. ह्यांना चव नाही आणि हे सांगत नाहीत. मी अळणी जेवते आहे आणि मीही सांगत नाही. वहीत दहा. गुरुजींनी मागून पुढे सरकायला सांगितलं. मी नवस न बोलताच सरकले. इतक्या वर्षांत देवासमोरून अशी रिकामी मी कधी बाहेर आले नव्हते.

बाहेर द्रोणात प्रसादाचा पोंगल मिळाला, मिरे घातलेली मऊ खिचडी. खांबाशी टेकून तो खाल्ला. गरम होता, तुपाने ओघळत होता, आणि दुसऱ्याच घासाला एक अख्खा मिऱ्याचा दाणा दाताखाली आला आणि मनात शब्द उमटले, तिखट आहे. प्रसादाबद्दल. कुणाच्या पायावर पाय पडावा तसं मी दचकले, आजूबाजूला पाहिलंसुद्धा. कुणाचं लक्ष नव्हतं. शेजारी एक म्हातारी तोंडाने हवा ओढून घेत, नाक पुसत, आनंदाने खात होती. "कारम," ती मला म्हणाली, तिखट आहे, आणि द्रोण चाटूनपुसून पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. परतीच्या गाडीत आवडीपर्यंत माझी जीभ चुरचुरत होती, आणि मला ते बरं वाटत होतं.

रविवारी सकाळी देविका परत गेली. मी स्नान केलं, पूजा केली, वरणभाताचा कुकर लावला, वरण घोटलं, अंदाजाने मीठ घातलं. ताट घेतलं. वर मधोमध मीठ, लिंबू, मऊ भात, वरण, तूप. नेहमी इथून मी ताट घेऊन देवघरात जाते. पाच पावलं आहेत. हातांना सवय असते, ते वळलेही. मग मी ताट घेऊन उलटी आले आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

ते पाटावर बसले होते. ताटाकडे पाहिलं, मग देवघराकडे, मग माझ्याकडे. "घंटा वाजली नाही," म्हणाले.

"नाही."

"काय म्हणूनशी?"

"देवाला आज नंतर. गूळ दाखवीन." मी हात पदराला पुसले. "हा प्रसाद नाही. नुसतं वरण आहे. याला नाव ठेवलं तर चालतं."

ते हात न लावता बसून राहिले. मला वाटलं, उठतील. सासूबाई भिंतीवरच्या फोटोतून बघत होत्या, त्यांच्याकडे मी पाहिलं नाही. म्हटलं, "देविकेने डबीचं सांगितलं."

"आठवीतली गोष्ट," ते म्हणाले. "तिनं पोटात ठेवली म्हणायची इतकी वर्षं."

"तुमचीच मुलगी."

ओठांचा एक कोपरा हलला. मग त्यांनी ताटातलं लिंबू इकडचं तिकडे केलं. लिंबाकडे बघत, जणू त्यालाच सांगताहेत असं, म्हणाले, "गुरुवारी, मागच्या-मागच्या... गुळणीच्या पाण्यात मीठ ज्यास्त होतं. आग झाली. फार आग झाली, अगो. बेसिनला धरून उभा होतों."

मी पाण्याचं भांडं त्यांच्याजवळ सरकवलं.

"तू दमली होतीस. फोन आला होता. काय सांगणार."

"सांगायचं," मी म्हटलं. "असंच सांगायचं. उद्यापासून मी बाहेर बसणार आणि तुम्ही त्या जाळीत. मला तुमच्या दहाचा उपयोग नाही हो. मला तीन पाहिजे, असेल तर. शून्य पाहिजे."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. डाव्या हाताने वही मागितली. मी दिली. त्यांनी पानं मागे उलटली, त्या गुरुवारपाशी आले, खिशातलं पेन काढलं. कारखान्यात खोडरबर चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी खरा लिहायचा आणि सही करायची. त्यांनी रेघ मारली. चव : १० च्या शेजारी लिहिलं, मीठ नाही. दुखणं : ० च्या शेजारी लिहिलं, ८. दोन्हीकडे सही, आजची तारीख. मग वही बाजूला ठेवून हात धुतला, भात कालवला आणि एक लहान घास उजव्या गालात घेतला. डोळे वर केले. देविका म्हणाली होती तसे, थोडे वर. इतक्या वर्षांत हा चेहरा मी पाहिला नव्हता. हा चेहरा कारखान्यातल्या टेबलाने पाहिला होता.

"सांगू?"

"सांगा."

"मीठ कमी आहे. किंचित." आणि बोट वरच्या ढिगाकडे नेलं, त्यात टेकवलं, मीठ भातात मिसळलं.

मी उठून ओट्याशी गेले. हे खरं होतं, की बायको एवढी हट्टाला पेटली आहे तर तिला एक तक्रार द्यावी म्हणून होतं? त्यांच्या बाबतीत तेही शक्य होतं. देवघरातला दिवा माझ्या पाठीमागे होता, नैवेद्य अजून व्हायचा होता. मी पळीने थोडं वरण तळहातावर घेतलं, फुंकर मारली, आणि जिभेला लावलं.

खरंच कमी होतं.